पाणवठा कुणाचा? चवदार तळ्याच्या दुरुस्तीची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

आज आपण एका तळ्याविषयी बोलणार आहोत. महाडचे चवदार तळे. तुमच्यातल्या बहुतेकींनी ते पाहिले असेल. बाजाराला जाताना, कचेरीत दाखला काढायला जाताना, पोरांच्या कॉलेजच्या कामाला जाताना त्याच्या काठावरून आपण जातो. चार-पाच एकरांचे तळे, चहूबाजूंनी रस्ता, रस्त्यापलीकडे घरे. पाणी मुख्यतः पावसाचे. नावाविषयी दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणते, पाणी चवीला चांगले म्हणून चवदार. कोणी म्हणते, तळ्याच्या पोटात चौदा विहिरी आहेत, त्या चौदांवरून नाव पडले. खरे काय ते तळ्यालाच ठाऊक.

जुन्या तळ्याची दुरुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गाळ काढायचा, ढासळलेली पायरी बसवायची, काठ बांधून घ्यायचा. चवदार तळ्यालाही हे सगळे लागते. पण या तळ्याची सगळ्यात मोठी दुरुस्ती कुदळ-फावड्याने झालेली नाही. ती झाली माणसांच्या ओंजळीने आणि पुढे कोर्टाच्या कागदाने. तिला दहा वर्षे लागली, १९२७ ते १९३७. ती दुरुस्ती काय होती आणि आज तळ्याचे पाणी स्वच्छ करायचे म्हटले तर तिचा काय संबंध, हे आपण पाहू.

कागदावर उघडलेले तळे

शंभर वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. महाड ही तेव्हाही मोठी बाजारपेठ. सावित्री नदीतून दासगावपर्यंत बोटी येत. खेड्यापाड्यांतली माणसे कामासाठी, कोर्टकचेरीसाठी महाडला येत आणि तहान लागली की चवदार तळ्यावर जात. सवर्ण हिंदू पाणी भरत, मुसलमान भरत. गुरे पाणी पीत. पण महार, चांभार अशा ज्या जातींना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांना त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. गुरांनी प्यायलेले चालत होते, माणसाने प्यायलेले चालत नव्हते.

आता हे ऐकताना एक गोष्ट लक्षात घ्या. घरात पाणी कोण आणते? बाई आणते. त्यामुळे पाणवठा बंद आहे याचा खरा अर्थ असा, की त्या घरातल्या बाईने हंडा घेऊन लांब जायचे, नाही तर विहिरीपासून दूर उभे राहून कोणी वरून पाणी ओतील का याची वाट बघायची. दिवसातून एकदा नाही, प्रत्येक खेपेला. इतिहासाच्या पुस्तकात सभा, ठराव आणि पुढाऱ्यांची नावे येतात. त्या सगळ्याच्या मुळाशी ही वाट बघणारी बाई आहे, हे विसरू नका.

पाणी सगळ्यांना मोकळे असावे हा विचार १९२७ मध्ये पहिल्यांदा आला असे नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या घरचा पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना मोकळा केला गेला. पण तो घरचा हौद होता. सरकारी पैशाने बांधलेल्या पाणवठ्याचे काय, हा प्रश्न उरला होता. तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थांच्या पैशाने बांधलेल्या, चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना वापरता आल्या पाहिजेत, असा तो ठराव. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तसे कळवले. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये ठराव केला, की चवदार तळे सर्वांना खुले आहे.

मग काय झाले? काहीच झाले नाही. ठराव वहीत राहिला आणि तळे होते तसे राहिले. तीन वर्षे गेली. तळ्याच्या काठी राहणाऱ्यांचा धाक ठरावापेक्षा मोठा होता. ग्रामसभेत ठराव होतो, टाळ्या पडतात, सही-अंगठा होतो आणि वाडीचा नळ मात्र कोरडाच राहतो, हे तुमच्यातल्या अनेकींनी पाहिले आहे. तसेच हे.

चाळीस रुपयांचे पाणी

मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद भरवायला झटणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते, ते आपल्या महाड तालुक्यातलेच. त्यांच्या बरोबरीने सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे असे सवर्ण घरांतले सुधारकही होते. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे चालत आली, खांद्यावर भाकरीची गाठोडी घेऊन.

एवढ्या माणसांना प्यायला पाणी कुठून आणायचे? परिषदेने चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. पाच एकरांचे तळे हाकेच्या अंतरावर भरलेले होते, नगरपालिकेचा ठरावही होता, आणि मार्च महिन्याच्या उन्हात पाणी पैसे मोजून घ्यावे लागले. त्या परिषदेचा सगळा विषय या एका गोष्टीत आला.

२० मार्चला परिषद संपता संपता ठरले, की आता तळ्यावर जायचे. रांगा लावून, शांतपणे, शहरातून चालत माणसे तळ्यापर्यंत गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले आणि प्यायले. मागोमाग लोक प्यायले. तिथे दुसरे काही घडले नाही. पाणी प्यायले आणि परत फिरले.

पण शहरात हूल उठवली गेली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसा कुणाचाही बेत नव्हता. तरी जमाव काठ्या घेऊन परिषदेच्या मांडवात शिरला. परगावी परतायच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. उलटून मारायची ताकद परिषदेच्या माणसांत होती, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. मारहाण करणाऱ्यांपैकी काहींना पुढे कोर्टाने शिक्षा दिली.

यानंतर तळ्याची एक ‘दुरुस्ती’ झाली, तीही सांगितली पाहिजे. पाणी बाटले असे म्हणून त्याचे शुद्धीकरण केले गेले. १०८ घागरींनी पाणी काढले. दही, दूध, शेण आणि गोमूत्र तळ्यात सोडले, मंत्र म्हटले आणि पाणी शुद्ध झाले असे जाहीर केले. घर सारवणाऱ्या, गोठा काढणाऱ्या आपण बायका. शेण जमिनीला चांगले, परसातल्या खताला चांगले. प्यायच्या पाण्यात शेण पडले तर आपण काय म्हणतो, ते मी सांगायला नको.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही रद्द करून टाकला. म्हणजे कागदावरचा हक्कसुद्धा गेला.

डिसेंबरची परिषद आणि बायकांची सभा

बाबासाहेबांनी पुन्हा महाडलाच परिषद बोलावली, २५ डिसेंबर १९२७ पासून. या वेळी मांडवाला जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी बोटीने दासगावला आली आणि तिथून पायी महाडला पोचली.

पण आधीच काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली होती. तळे आमच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांना तिथे येऊ देऊ नये, असा त्यांचा दावा. कोर्टाने निकाल लागेपर्यंत मनाईहुकूम दिला. आता काय करायचे? हजारो माणसे पाणी प्यायच्या तयारीने आलेली. हुकूम मोडावा असे अनेकांना वाटत होते. बराच खल झाला. शेवटी ठरले, की भांडण समाजाशी आहे, सरकारशी नाही. कोर्टाचा हुकूम पाळायचा आणि कोर्टातच जिंकायचे. मग शहरातून तळ्यापर्यंत मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता माणसे परतली. पाणी समोर असताना, तहान असताना, हक्क आहे हे ठाऊक असताना परत फिरणे सोपे नसते.

या परिषदेत बाबासाहेबांनी एक गोष्ट स्पष्ट केली. या तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर प्यायलो नाही म्हणून मेलोही नाही. आपण तिथे जातो ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे दाखवायला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. २५ तारखेलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता, जे स्वतः ब्राह्मण होते. मनुस्मृतीत शूद्रांना जशी बंधने आहेत तशी बायकांनाही आहेत. म्हणून २५ डिसेंबर हा दिवस आज अनेक ठिकाणी स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात.

आणि मग झाली बायकांची सभा. परिषदेला आलेल्या बायकांशी बाबासाहेब वेगळे बोलले. मुलींना शाळेत घाला. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका. जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाका. लुगडे इतर बायकांसारखे पायघोळ नेसा. नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. अशा घरातल्या, चुलीजवळच्या गोष्टी. त्या काळी लुगडे किती खाली सोडायचे हेसुद्धा जातीवर ठरत असे. बायकांनी ऐकले आणि लगेच करून दाखवले. लुगडे नव्या पद्धतीने नेसायला चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी मदत केली. दुसऱ्या जातीच्या बाईने आपल्या हाताने निऱ्या घालून दिल्या, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

बायकांचा हा वाटा बराच काळ पुस्तकांत नीट आला नव्हता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायकांना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिले. बचत गटाच्या पेटीत ठेवावे असे ते पुस्तक आहे.

कोर्टाने काय पाहिले

खटला दहा वर्षे चालला. महाडचे कोर्ट, मग ठाण्याचे जिल्हा कोर्ट, मग मुंबईचे हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल लागला. न्यायाधीश होते ब्रूमफील्ड आणि वाडिया. तिन्ही कोर्टांत दावा करणारे हरले.

कोर्टाने दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, तळे कुणाचे? मोजणीच्या कागदात जमीन सरकारी निघाली आणि तळे नगरपालिकेच्या ताब्यातले. काठावरच्या काही लोकांची थोडीफार जागा, बांध, घाट असतील, पण पाणी त्यांच्या मालकीचे नव्हते. दुसरी गोष्ट, रूढी. पूर्वापार अस्पृश्य इथे पाणी भरत नाहीत म्हणून पुढेही भरू नये, असे म्हणणे होते. कोर्टाने विचारले, पूर्वापार म्हणजे किती? अनादी काळापासून अशी रूढी आहे हे सिद्ध करता आले नाही. आजवर कुणी आले नाही, एवढ्याने कुणाचा येण्याचा हक्क जात नाही.

मैत्रिणींनो, यातला कागदाचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. आपल्या गावची विहीर, तळे, झरा कुणाच्या नावावर आहे, हे किती जणींना माहीत आहे? तलाठ्याकडे सातबारा असतो, ग्रामपंचायतीकडे मालमत्तेची नोंद असते. दुरुस्तीसाठी वर्गणी काढण्याआधी तो कागद बघावा. नाही तर गाळ काढायचा सगळ्यांनी आणि पाणी जायचे एकाच्या बागेला, असे होते.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी देशाची राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात भेदभावाला बंदी आहे, आणि तिथे विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावाने उल्लेख आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. एवढ्या मोठ्या देशाच्या सगळ्यात मोठ्या कायद्यात विहीर आणि तळे हे शब्द आहेत. ते वाचताना मला आपले महाड आठवते.

जिथे पाणीच बुजवले

हे फक्त आपल्याकडे घडले असे समजू नका. अमेरिकेत अनेक शहरांनी लोकांसाठी उघड्यावरचे मोठमोठे पोहण्याचे तलाव बांधले होते. उन्हाळ्यात सगळे गाव तिथे लोटे. पण कितीतरी ठिकाणी काळ्या लोकांना तिथे बंदी होती. त्यांच्या करातून बांधलेल्या तलावात त्यांनी उतरायचे नाही.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात कोर्टाने सांगितले, की बागा सगळ्यांना खुल्या करा. शहराने काय केले? १ जानेवारी १९५९ पासून सगळ्याच बागा बंद केल्या. ओक पार्क नावाच्या बागेत मोठा तलाव होता, तो बुजवून टाकला. काळ्यांबरोबर पोहायचे नाही म्हणून गोऱ्यांनी आपल्याच मुलांचे पाणीही घालवले. काही वर्षांनी बाग उघडली, पण तो तलाव पुन्हा झाला नाही. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरानेही आपले तलाव बंद केले. तिथला खटला सगळ्यात वरच्या कोर्टात गेला आणि १९७१ साली कोर्टाने म्हटले, की शहर असे तलाव बंद करू शकते.

म्हणजे पाणी वाटून घ्यायला नको म्हणून माणसे पाणीच नाहीसे करतात. आपल्याकडे चवदार तळे कुणी बुजवले नाही, हे आपले भाग्य. पण पाण्यावरून माणसाला हिणवणे संपले आहे का? २०१६ साली वाशीम जिल्ह्यात एका दलित मजुराने सांगितले, की बायकोला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्याने रोजची मजुरी सांभाळून चाळीस दिवस एकट्याने खणून आपली विहीर काढली. २०२२ च्या डिसेंबरात तमिळनाडूतल्या वेंगैवयल गावी दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा सापडली. या गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या नाहीत.

आजचे तळे

आता आजच्या दुरुस्तीकडे येऊ. चवदार तळ्याच्या काठी बाबासाहेबांचा पुतळा आहे, बांधलेले काठ आहेत, पायऱ्या आहेत. शहरात क्रांतिस्तंभ आहे, राष्ट्रीय स्मारक आहे. दर २० मार्चला राज्यभरातून लोक येतात. लहान मुले, म्हाताऱ्या बाया, पांढऱ्या साडीतल्या पोरी. पायऱ्या उतरतात, पाण्याला हात लावतात, ओंजळीत घेतात. २०२७ हे त्या सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष.

आणि इथेच अडचण आहे. पाणी हिरवट झाले, वास येतो, अशा तक्रारी या तळ्याविषयी अनेकदा झाल्या आहेत. दर थोड्या वर्षांनी सुशोभीकरणाची भाषा होते. सुशोभीकरण म्हटले की दिवे, कारंजी, फरशी, कठडा. हे वाईट नाही. पण जरा विचार करा. जुन्या किल्ल्याची दुरुस्ती करताना आपण तट आणि बुरूज सांभाळतो, कारण तिथे इतिहास दगडात आहे. चवदार तळ्याचा इतिहास दगडात नाही. एका माणसाने पायरी उतरून पाणी प्यायले, हा तिथला इतिहास आहे. मग पाणी पिण्यासारखे नसेल आणि पायरी कुलपात असेल, तर आपण सांभाळले काय? माझ्या मते या तळ्याच्या दुरुस्तीची कसोटी एकच. लांबून आलेल्या बाईला पायरी उतरून, ओंजळ भरून, न घाबरता पाणी पिता आले पाहिजे.

हे कसे होते, तेही समजून घेऊ, कारण आपल्या गावच्या तळ्यालाही तेच लागू आहे.

पाणी हिरवे का होते? गटाराचे पाणी, निर्माल्य, कपड्यांच्या साबणाचे पाणी तळ्यात उतरते. ते शेवाळाचे खाणे. त्यावर ऊन पडले की शेवाळ भराभर वाढते. दिवसा ते पाण्यात हवा सोडते, पण रात्री तेच पाण्यातली हवा वापरते. म्हणून कधी कधी पहाटे मासे मरून तरंगताना दिसतात. शेवाळ मरून तळाशी बसते, कुजते आणि पाण्याला वास येतो.

म्हणून दुरुस्तीला क्रम असतो. आधी घाण यायची वाट बंद करायची. गटार वळवल्याशिवाय कितीही यंत्रे लावली तरी पाणी पुन्हा हिरवे होणारच. मग उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गाळ काढायचा. तो शेताला चांगला. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून याच कामासाठी आहे. पण गाळ काढताना तळाचा चिकणमातीचा थर फोडायचा नाही. आपल्याकडे खाली कातळाला भेगा असतात. थर फुटला तर तळे फेब्रुवारीतच आटते. तिसरे, काठ बांधताना सगळीकडे सिमेंट लिंपायचे नाही. विहिरीला, तळ्याला बाजूने झरे असतात, त्यांना वाट ठेवावी लागते. चौथे, जादा पाणी जायला सांडवा मोकळा हवा. आणि प्यायच्या पाण्याची तपासणी वेळेवर व्हायला हवी. विहिरीत टीसीएल पावडर नुसती टाकली की काम झाले असे नाही.

सगळ्यात शेवटी, आणि खरे तर सगळ्यात आधी, रोज लक्ष कोण ठेवणार हे ठरवायचे. जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात असे आहे. पाणी तपासायचे किट वापरायला गावातल्या पाच बायकांना शिकवायचे, असेही आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत? कुठल्या वाडीच्या, कुठल्या आळीच्या?

आपला पाणवठा

आपल्या महाड-पोलादपुरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर लागतो. पावसाचे हे पाणी किती भयंकर होऊ शकते, हे तळीयेला कुणी सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत महाड शहरही पुराखाली होते. तिथल्या बायकांच्या दुःखावर बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. एवढेच म्हणते, की उजाडलेले गाव नव्या जागी वसते तेव्हा घराबरोबर पाणवठाही नव्याने मांडला जातो. नळ कुठे बसवायचा, टाकी कुठल्या बाजूला, कुणाच्या दाराशी पाणी आधी येणार आणि कुणाच्या शेवटी, हे त्या वेळी ठरते. एकदा ठरले की पन्नास वर्षे तसेच चालते आणि मग त्यालाच पूर्वापार म्हणतात. म्हणून ते ठरत असताना बायकांनी तिथे हजर असले पाहिजे, आणि सगळ्या वाड्यांच्या बायकांनी.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की थोडा वेळ काढा आणि तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावचे तळे किंवा विहीर कागदावर कुणाच्या नावावर आहे? तिथे पाणी भरायला न येणारे घर कुठले आणि ते का येत नाही? आणि ती स्वच्छ करायची तर पहिले गटार कुठले वळवावे लागेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत कोणी पटकन देणार नाही. तेव्हा त्या घरी चहाला जा आणि विचारा.

जमले तर सगळ्या गटाने मिळून एकदा चवदार तळ्यावर जा. नुसते काठावरून बघून येऊ नका, पायरी उतरा. मुलींना बरोबर न्या आणि चाळीस रुपयांच्या पाण्याची गोष्ट त्यांना तिथेच सांगा. पाणी कसे दिसते तेही नीट बघा. खराब दिसले तर नगरपालिकेला गटाच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. ते तळे आपल्या सगळ्यांचे आहे, हे हायकोर्टाने १९३७ सालीच सांगून ठेवले आहे.